सहा पिनांचं मशीन: जुन्या डेस्कटॉपच्या बॅकअप सर्व्हरच्या नोंदी

११ जानेवारी

ऑफिसातून निकालात निघालेला, छोट्या कॅबिनेटचा ब्रँडेड डेस्कटॉप हाती आलाय. चार कोरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम. फायली साठवून ठेवायला एवढं रग्गड आहे. बेत असा: एका छोट्या एसएसडीवर लिनक्स, दोन मोठ्या हार्ड डिस्क मिररमध्ये (म्हणजे दोन्हींवर तीच माहिती), आणि घरातल्या सगळ्या मशीनचा बॅकअप रात्री आपोआप यात यावा.

पहिली अडचण लगेच दिसली. एका डिस्कवर मशीन नीट चालतं. दुसरी लावून सुरू केलं की क्षणभर पंखा फिरतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या पहिल्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे एका डिस्कला २४ वॅट. दोन एकदम सुरू झाल्या की हा जुना एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा खोका, मान टाकतो. लेबलवरचा आकडा पुरेसा आहे, पण तो नवा असतानाचा.

एरवी हे काम चार स्क्रूंचं. जुना एसएमपीएस काढा, कोणताही एटीएक्स (डेस्कटॉपच्या प्रमाणित पद्धतीचा) एसएमपीएस बसवा, झाकण लावा. झाकण उघडलं तर मदरबोर्डवर २४ पिनांचं सॉकेट नाहीच. ६ पिनांचं एक, शेजारी प्रोसेसरचं ४ पिनांचं, बस. डिस्कची पॉवरसुद्धा एसएमपीएसमधून येत नाही. ती मदरबोर्डवरच्या एका बारक्या सॉकेटातून, कंपनीच्याच केबलने येते. नमनालाच घडाभर तेल.

कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एसएमपीएस कसा काढायचा आणि कसा लावायचा याची चित्रं छान आहेत. कोणत्या पिनवर काय येतं, ते मात्र कुठेही नाही.

१२ जानेवारी

जुना एसएमपीएस जिवंत आहे तोवरच त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचं ठरवलं. मेल्यावर मल्टिमीटरला काय विचारणार? खोका उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते, आणि आपल्याला आतलं काही नकोच आहे. एका डिस्कवर मशीन चालू ठेवलं, काळा प्रोब कॅबिनेटच्या पत्र्याला लावला, आणि प्लगच्या मागून, जिथून वायर आत शिरते तिथून, लाल प्रोबचं टोक एकेका पिनला टेकवत गेलो. आधी मशीन बंद पण प्लग लावलेला, मग चालू, मग परत बंद.

दोन पिना ग्राउंड. एक पिन १२ व्होल्ट, मशीन चालू असतानाच. एकीवर मशीन बंद असताना काही व्होल्ट असतात आणि पॉवर बटण दाबलं की शून्य, म्हणजे ही एसएमपीएसला ‘सुरू हो’ सांगणारी. एकीवर सुरू झाल्यानंतर क्षणभराने ५ व्होल्ट, म्हणजे ‘पॉवर गुड’, वीज नीट आहे असं बोर्डाला सांगणारी. उरली जांभळी वायर.

एटीएक्सच्या रंगांत जांभळी म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबाय, मशीन बंद असतानाही बोर्डाला जागं ठेवणारी. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, हिरवी ‘सुरू हो’, करडी ‘पॉवर गुड’. इथे जांभळीवर मीटरने ११.९ दाखवले. मशीन बंद. प्रोब काढून परत लावला, तेच.

म्हणजे रंग प्रमाणित, व्होल्टेज ‘घरगुती’, कंपनीच्या मनाचं. रंगांवर भरवसा ठेवून कोणी जांभळीला जांभळी जोडली तर बोर्ड उठणारच नाही. उलट दिशेने केलं, म्हणजे हा १२ व्होल्टचा स्टँडबाय साध्या एटीएक्स बोर्डाच्या जांभळीत घातला, तर तो बोर्ड कायमचा झोपेल.

एक गोष्ट न्यायाने लिहितो. फक्त १२ व्होल्ट द्यायचे आणि ५ नि ३.३ बोर्डावरच तयार करायचे, ही कल्पना मुळीच वाईट नाही. कमी कामात वीज कमी वाया जाते आणि वायरींचा गुंता घटतो. इंटेलने पुढे हेच एटीएक्स१२व्हीओ नावाने मांडलं, १० पिनांचा प्लग आणि स्टँडबायसुद्धा १२ व्होल्टच. २०२० पासून तसे बोर्ड बाजारात आले. फरक एवढाच की त्याचा पिनआउट (कोणत्या पिनवर काय) जाहीर आहे, कोणीही वाचू शकतो. माझी तक्रार १२ व्होल्टबद्दल नाही, लपवाछपवीबद्दल आहे.

१८ जानेवारी

नवा एटीएक्स एसएमपीएस आणला. तो या कॅबिनेटमध्ये मावत नाही. बाहेर, मागच्या फळीवर राहील आणि वायरी रिकाम्या कार्ड स्लॉटमधून आत जातील. रूपाची चिंता सोडून दिली.

खरा प्रश्न स्टँडबायचा. नवा एसएमपीएस देतो ५ व्होल्ट, बोर्डाला हवेत १२. मुख्य १२ व्होल्टची पिवळी वायरच तिथे का जोडू नये? तर पिवळीत वीज येते ती बोर्डाने ‘सुरू हो’ सांगितल्यावर, आणि बोर्ड ते सांगू शकतो स्टँडबाय मिळाल्यावर. कोणीच कोणाला उठवत नाही.

उपाय: ५ चे १२ करणारं छोटं बूस्ट मॉड्यूल. एसएमपीएसचा स्टँडबाय २.५ अँपिअरचा, म्हणजे १२.५ वॅट. मॉड्यूलमध्ये थोडे वाया जाऊन १० च्या आसपास हाती येतात, १२ व्होल्टवर ०.८ अँपिअर. झोपलेल्या बोर्डाला पुष्कळ झाले. मॉड्यूलवरचा बारका स्क्रू फिरवून आउटपुट १२.० वर आणलं, मग ५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब लावून तासभर तसंच ठेवलं. ११.९ वर टिकलं आणि मॉड्यूल कोमट झालं. चालेल.

१९ जानेवारी

सोल्डरिंगचा दिवस. नव्या एसएमपीएसच्या मूळ वायरी कापल्या नाहीत. २४ पिनांचं एक एक्स्टेन्शन घेऊन त्याचं टोक कापलं, म्हणजे एसएमपीएस उद्या दुसरीकडेही वापरता येईल. ६ पिनांचा प्लग एका मेलेल्या एसएमपीएसच्या हार्नेसमधून मिळाला. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), प्रत्येक वायरीला कागदी पट्टी आणि त्यावर व्होल्टेज. रंगांवरचा विश्वास उडालाय.

बोर्डाला लावण्याआधी प्लग हवेत ठेवून सगळ्या पिना मोजल्या. मग लावला. बटण दाबलं. उठलं!

मॉनिटर जोडताना मधेच एक उपकथानक. मशीनला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय. खणातली डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल लावली आणि चित्र आलं, कारण या मशीनचा पोर्ट ड्युअल-मोडचा आहे, तोच सिग्नल एचडीएमआयच्या भाषेत देतो आणि केबलला फारसं काही करावं लागत नाही. हीच केबल उलटी, एचडीएमआयच्या लॅपटॉपकडून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे, कधीच चालणार नाही. तिथे सिग्नल बदलणारा सक्रिय कनव्हर्टर लागतो, वेगळी पॉवर घेणारा. केबलवर बाण छापायला कंपनीचं काय जातं?

चित्रात पहिलं वाक्य: पंखा सापडला नाही, पुढे जायला एफ१ दाबा.

२५ जानेवारी

पंखा फिरतोय, तरी बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) सापडत नाही. मूळ पंखा खरखरत होता म्हणून चांगला ४ पिनांचा लावला होता. साध्या पंख्याचा क्रम ठरलेला असतो: ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग सांगणारी, वेग ठरवणारी. या बोर्डाच्या सॉकेटला ५ पिना आहेत.

मूळ पंख्याचा प्लग मीटरने तपासला. पाचवी पिन प्लगच्या आतच ग्राउंडला जोडलेली आहे. पंख्याच्या मोटरशी तिचा संबंध नाही. ‘मी घरचाच पंखा आहे’ एवढं सांगण्यापुरती ती आहे. बाकी चार पिना आहेत त्याच, फक्त क्रम फिरवलेला.

ज्या सर्व्हरला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, त्याने वीज गेल्यानंतर दर वेळी एफ१ ची वाट पाहत बसायचं, हे चालणार नाही. मूळ पंख्याचा प्लग कापून नव्या पंख्याला जोडला, क्रम जुळवला, पाचवी ग्राउंडला. तक्रार गेली. पुढच्या पॅनेलचा प्लगही असाच घरगुती आहे, पण तिकडे वेळ घालवला नाही. बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू’ हा पर्याय लावला आणि बटणाचं काम संपलं.

१ फेब्रुवारी

आज भाचा मदतीला होता. नवा एसएमपीएस मॉड्युलर आहे, म्हणजे हव्या तेवढ्याच केबली लावायच्या. दोन डिस्कसाठी सोबत आलेली साटा केबल (डिस्कला वीज देणारी) आखूड पडली. खणात दुसऱ्या एका एसएमपीएसची लांब केबल होती. ती भाच्याने काढली, एसएमपीएसच्या सॉकेटात घातली. टक् आवाज करून बसली.

“मामा, बसतंय की. डिस्क लावू?”

“थांब. डिस्क नको, आधी मीटर दे.”

केबल एसएमपीएसला लावली, दुसरं टोक मोकळं ठेवलं, हिरवी आणि काळी जोडून एसएमपीएस सुरू केला. साटाच्या प्लगमध्ये १५ पिना असतात. ७, ८, ९ वर ५ व्होल्ट, आणि १३, १४, १५ वर १२. भाच्याने ८ वर प्रोब टेकवला. मीटर म्हणाला १२.१.

डिस्कचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स ५ व्होल्टवर चालतं. तिथे १२ गेले असते तर दोन्ही डिस्क एका क्षणात गेल्या असत्या. भाचा मीटरकडे बघत म्हणाला, “पण मग ती बसली कशी?”

तोच तर मुद्दा आहे. एटीएक्सचा नियम डिस्कच्या आणि बोर्डाच्या टोकाचा आहे. एसएमपीएसच्या बाजूचं टोक कोणत्याही नियमात येत नाही. तिथे कंपनीने काय, कुठल्या क्रमाने द्यायचं, ते तिचं तिने ठरवायचं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही ते वेगळं असू शकतं. पण सॉकेटाचं प्लास्टिक सगळे तेच घेतात, कारण ते तयार मिळतं.

६ पिनांच्या प्लगवर मी तीन आठवडे चरफडतोय, पण त्याने निदान तोंडावर सांगितलं की तुझं माझं जमणार नाही. बसत नाही म्हटल्यावर माणूस थांबतो, शोधतो, मोजतो. बसतं आणि आत वायरी वेगळ्या, हे खरं घातक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका बड्या कंपनीने डेस्कटॉपमध्ये हुबेहूब एटीएक्सच्या आकाराचा प्लग देऊन आतला क्रम बदलला होता. लोकांनी सरळ मनाने साधा एसएमपीएस लावला आणि बोर्ड जाळून घेतले. तेव्हापासून कोणी काही शिकल्याचं दिसत नाही.

लांब केबलीला लाल चिकटपट्टी गुंडाळून तिच्या एसएमपीएसच्या खोक्यात टाकली. डिस्क जवळ सरकवल्या, आखूड केबल पुरली.

२ फेब्रुवारी

दुष्काळात तेरावा महिना. दोनपैकी एक डिस्क फिरतच नाही. केबल बरोबर, व्होल्टेज बरोबर, दुसरी डिस्क त्याच प्लगवर फिरते. आणि हीच डिस्क जुन्या एसएमपीएसवर, बोर्डाच्या त्या घरगुती केबलीवर फिरत होती!

हे कोडं दुपारभर पुरलं. ही डिस्क एका बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली आहे, मूळची डेटा सेंटरच्या जातीची. साटाच्या प्लगमध्ये पहिल्या तीन पिनांवर पूर्वी ३.३ व्होल्ट असत, आणि घरात वापरायच्या डिस्क ते वापरतच नसत. साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. हजारो डिस्क असलेल्या ठिकाणी अडकलेली एखादी डिस्क हात न लावता बंद-चालू करता यावी म्हणून. जुन्या पद्धतीचा एसएमपीएस तिथे कायम ३.३ देतो, आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते.

जुन्या केबलीवर चालायचं कारण म्हणजे त्या केबलीत नारिंगी वायरच नाही. कंपनीने ३.३ दिलेच नव्हते, त्यामुळे तिसरी पिन मोकळी. म्हणजे गेले तीन आठवडे ज्या घरगुती केबलीला मी शिव्या घालतोय, तिच्यावर डिस्क चालत होती, आणि नियमाने बनवलेल्या केबलीवर अडली.

उपाय साधा आहे. डिस्कच्या पॉवर पट्ट्यांवर, डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजत पहिल्या तीन पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपचा (वीज अडवणाऱ्या पातळ टेपचा) अरुंद तुकडा चिकटवला. पट्टी एक मिलिमीटरहूनही बारीक, त्यामुळे चिमटा आणि भिंग लागलं. टेपची कड चौथ्या पट्टीवर येऊ द्यायची नाही, ती ग्राउंड आहे. मोलेक्समधून (जुन्या, ४ पिनांच्या पॉवर प्लगमधून) साटा काढणारी केबल लावूनही भागतं, कारण मोलेक्समध्ये ३.३ नसतोच. पण त्यातल्या प्लास्टिक ओतून बंद केलेल्या प्लगांत वायरी एकमेकींकडे सरकून आग लागल्याची उदाहरणं आहेत. टेपच बरी.

डिस्क फिरली. मिरर बनायला लावला.

१५ फेब्रुवारी

रोजचा बॅकअप आठवडाभर विनातक्रार. आता घराबाहेर ठेवायची एक प्रत: यूएसबी-सीच्या खोक्यात १ टीबीची एसएसडी. पहिली कॉपी लावली तर वेग सेकंदाला ३८ एमबी. या हिशेबाने ७ तासांहून जास्त.

खोका १० गिगाबिटचा, मशीनचा पोर्ट ५ चा. लिनक्सच्या यूएसबी यादीत मात्र वेगाच्या जागी ४८० मेगाबिट. केबल फोनच्या चार्जरची होती. सी प्लगला २४ पिना असतात खऱ्या, पण चार्जिंगच्या केबलीत पॉवर, ग्राउंड, बोलणी करायची एक वायर आणि जुन्या यूएसबी २ ची जोडी, एवढंच असतं. वेगाच्या जोड्या घातलेल्याच नसतात. हे फसवणुकीत मोडत नाही, नियमालाच धरून आहे. दोन्ही टोकं हुबेहूब, मधे काय आहे ते केबल बोलत नाही. खोक्यासोबत आलेली आखूड, जाड केबल शोधली आणि तीच कॉपी कितीतरी कमी वेळात झाली.

त्याच टेबलावर दुसरा नमुना. बॅकअपची स्थिती दाखवायला घेतलेला छोटा डिस्प्ले, सी पोर्टचा. चांगल्या सी चार्जरवर, सी ते सी केबलीने, ठार मेलेला. जुन्या, चपट्या यूएसबी-ए पोर्टच्या चार्जरवर लगेच चालतो. सी चार्जर पोर्टावर आपणहून ५ व्होल्ट ठेवत नाही. समोरच्या उपकरणात बोलण्याच्या वायरीवर ५.१ किलोओमचा रेझिस्टर दिसला तरच देतो. सी ची दोन्ही बाजूंनी लागायची सोय म्हणून असे दोन लागतात. या डिस्प्लेवाल्यांनी एकही लावलेला नाही. इतक्या क्षुल्लक भागाची कंजुषी! रास्पबेरी पाय ४ मध्येसुद्धा २०१९ साली दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता, आणि चिप असलेल्या महागड्या केबली त्याला ऑडिओ अडॅप्टर समजायच्या. त्यांनी निदान पुढच्या बोर्डात दुरुस्त केलं.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना सी पोर्ट सक्तीचा झाला, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख आहे. चांगलंच आहे. पण कायदा पोहोचतो चार्जिंगच्या पोर्टापर्यंत. डेस्कटॉपच्या पोटातल्या ६ पिनांना कोण विचारतंय?

२२ फेब्रुवारी

शेवटचं काम यूपीएस. वीज गेली की यूपीएसने सर्व्हरला कळवायचं आणि सर्व्हरने नीट बंद व्हायचं. नेटवर्क यूपीएस टूल्स या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे मॉडेल आहे. केबल नाही.

यूपीएसच्या पाठीवर डेटा पोर्ट आहे, दिसायला नेटवर्कच्या सॉकेटासारखा. आत टॉर्च मारला तर ८ ऐवजी १० पट्ट्या. नेटवर्कची केबल त्यात सहज जाते. मूळ केबलीचं दुसरं टोक यूएसबी असतं, म्हणजे आतून हे साधं यूएसबीच आहे, फक्त पोशाख बदललेला. मूळ केबल बनवणं कंपनीने थांबवलंय.

पिना मोजून केबल बनवता येईल का? एसएमपीएसचं केलं, मग याचं का नको, असा मोह झाला. पण तिथे चुकलो असतो तर एक निकालातला बोर्ड गेला असता. इथे दुसऱ्या टोकाला चालू सर्व्हर आहे. शिवाय यूपीएसवाल्यांच्या खोड्या ठाऊक आहेत: काही जुन्या मॉडेलांच्या ९ पिनांच्या सिरियल पोर्टात साधी सरळ केबल लावली की यूपीएस तो बंद होण्याचा हुकूम समजतो आणि सगळा लोड तोडून मोकळा होतो.

पोर्टावर कागदी पट्टी लावली: नेटवर्क नाही, काही लावू नये.

१ मार्च

यूपीएसला विचारायचंच नाही असं ठरलं. एक जुना वायफाय राउटर पडून होता. तो यूपीएसवर न लावता थेट भिंतीतल्या प्लगवर लावला. सर्व्हर आणि मधला नेटवर्क स्विच यूपीएसवर. सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला त्या राउटरला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ विचारतो. राउटर सलग पाच मिनिटं गप्प राहिला म्हणजे वीज गेली, म्हणून बॅकअप थांबवून सर्व्हर बंद होतो. यूपीएस वीस मिनिटं टिकतो, त्यामुळे घाई नाही.

यात एक फट होती. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस संपायच्या आत वीज परत आली, तर सर्व्हरचा पुरवठा कधी तुटलाच नाही, म्हणजे ‘वीज आली की सुरू’ हे बायोसला कळणार नाही. त्यासाठी बायोसमधलाच रोज पहाटे ४ ला उठायचा अलार्म लावला. फार तर एक दिवस उशीर.

मेन स्विच पाडून चाचणी घेतली. राउटर गेला, पाच मिनिटांनी सर्व्हरने डिस्क बंद केल्या आणि स्वतः झोपला. यूपीएस पूर्ण उतरू दिला, स्विच वर केला, सर्व्हर आपणहून उठला आणि मिरर शाबूत. मग अर्धवट चाचणीही केली, यूपीएस संपायच्या आत वीज दिली. ठरल्याप्रमाणे सर्व्हर पडून राहिला. पहाटे उठला की नाही ते उद्या लॉगमध्ये बघायचं.

उरलेलं: ६ पिनांचा पूर्ण नकाशा व्होल्टेजसह कागदावर काढून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून चिकटवणे. बूस्ट मॉड्यूल सध्या चिकटपट्टीवर लटकतंय, त्याला नीट स्क्रू मारणे. डिस्प्लेच्या आत ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर सोल्डर करणे. जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात देण्याआधी त्याचा ६ पिनांचा प्लग वायरीसकट कापून ठेवणे.